तणाव्याचा इतिहास: तुळापूरच्या छावणीपासून रावेतच्या कॅनोपीपर्यंत

१/ १७ एप्रिल २०२३ ची सायंकाळ. रावेत-किवळे हद्दीत, कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गाच्या सेवारस्त्यालगत उभा असलेला एक भलामोठा लोखंडी जाहिरातफलक वळवाच्या वाऱ्यात कोसळला. पावसापासून आडोसा शोधत थांबलेल्या पाच जणांचा त्यात मृत्यू झाला. फलक म्हणजे तंबू नव्हे, हे खरे. परंतु वाऱ्याच्या दृष्टीने दोहोंची रचना सारखीच असते: एक मोठे पृष्ठ आणि त्याला जमिनीशी जखडून ठेवणारे मोजके साहित्य. याच रावेतमध्ये आज बचतगटांची विक्रीप्रदर्शने, गृहप्रकल्पांचे मेळावे, उत्सवांतील खेळ आणि गाण्यांचे कार्यक्रम घडीच्या कॅनोपीखाली भरतात. त्या कॅनोपीची पूर्वपीठिका फार जुनी आहे. हा धागा तिच्याविषयी.

२/ आधी शब्द पाहू. मराठीत तंबूला एकच नाव नाही, कारण तंबू एकाच प्रकारचा नव्हता. ‘पाल’ म्हणजे दोन काठ्यांवरून दोन्ही बाजूंना उतरत आणलेले कापड. त्याला भिंती नसत. ‘राहुटी’ म्हणजे उतरत्या छपराचा लहान, सुटसुटीत तंबू. ‘शामियाना’ म्हणजे खांबांवर ताणलेले छत, बाजूंनी मोकळे. ‘कनात’ म्हणजे कापडाची उभी भिंत. ‘डेरा’ हा मोठ्या, मानाच्या तंबूचा शब्द. आणि या सर्वांना उभे ठेवणाऱ्या दोन गोष्टी: जमिनीत ठोकलेली ‘मेख’ आणि मेखेपासून छतापर्यंत ताणलेला दोर, म्हणजेच ‘तणावा’. आजच्या कॅनोपीचे मूळ या यादीत शोधायचे झाले, तर ती शामियान्याची वंशज ठरते.

३/ तंबू हा कधीकाळी राज्यकारभाराचा स्वतंत्र विभाग होता. अकबराच्या काळात अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये फर्राशखान्याचे सविस्तर वर्णन केले आहे. बादशाही मुक्कामाचा एक संच वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. सोबत १,००० फर्राश, ५०० बेलदार, १०० पखालवाले, शिवाय सुतार, तंबू शिवणारे, चामड्याचे कारागीर आणि झाडूवाले असत. ‘बारगाह’ नावाचा सर्वांत मोठा तंबू उभारण्यास हजार फर्राशांना आठवडा लागे, तोही यंत्रांच्या साहाय्याने. त्याच्या छायेत दहा हजारांहून अधिक माणसे मावत, असे तो लिहितो. त्याच प्रकरणात ‘रावटी’ हा शब्दही येतो.

४/ या वर्णनातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बादशाही मुक्कामाचे संच दोन असत. बादशहा एका तळावर असताना दुसरा संच पुढच्या तळावर पोहोचून उभा राही. याला पेशखाना म्हणत. त्यामुळे बादशहाचा खोळंबा टळे. त्याचबरोबर उतरवलेला तंबू घाईने पुन्हा उभारावा लागत नसे. फाटलेले शिवणे, ओले वाळवणे, तुटलेले बदलणे यांस उसंत मिळे. तंबू शिवणारे आणि सुतार तळाबरोबरच चालत, यावरून दुरुस्ती हा तेथे अपवाद नसून नित्यक्रम होता, हे स्पष्ट होते.

५/ मराठी राज्यातही हीच व्यवस्था दिसते. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत खजिना, तोफखाना, दारूखाना, अंबरखाना यांच्या बरोबरीने ‘फरासखाना’ येतो. ‘फर्राश’ म्हणजे पसरणारा, अंथरणारा. तंबू, राहुट्या, कनाती आणि बिछायती सांभाळणारे हे खाते. पेशवाईतील या खात्याचे नाव पुण्यात आजही रोज उच्चारले जाते: बुधवार पेठेतील फरासखाना पोलीस ठाणे. तेथून जाणाऱ्या बहुतेकांना आपण तंबूंच्या खात्याचे नाव घेत आहोत, याची कल्पना नसते.

६/ तंबू हे राजकारणाचेही साधन होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली, ती मुद्दाम उभारलेल्या शामियान्यात. सभासदाच्या बखरीत त्या सदरेच्या थाटाचे वर्णन आहे. एवढा मौल्यवान साज बादशाही दरबारातही नाही, असे म्हणून खान रागावतो आणि महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ त्याची समजूत काढतात, असा प्रसंग सभासद रंगवतो. खुल्या माळावर कोणती जागा कोणाची, कोठून कोणी यावे आणि किती माणसांनी यावे, हे त्या कापडी छताने ठरवले होते.

७/ रावेतच्या पूर्वेला, आळंदीच्या पुढे, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर आहे. ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, त्या घटनेशी हा परिसर कायमचा जोडला गेला आहे. त्यानंतर काही महिन्यांतच संताजी घोरपडे यांनी निवडक स्वारांनिशी औरंगजेबाच्या छावणीत शिरून त्याच्या डेऱ्याचे तणावे तोडले आणि सोन्याचे कळस कापून नेले, अशी कथा बखरींनी जपली आहे. विठोजी चव्हाण त्यांच्या सोबत होते, असे परंपरा सांगते. बखरीतील कथा म्हणूनच ती वाचावी. परंतु ती सांगणाऱ्याला तंबूचे शास्त्र पक्के ठाऊक होते: डेरा पाडायचा तर खांब कापत बसायचे नसते, तणावे तोडायचे असतात.

८/ हे शास्त्र असे. खांब छताला वर ढकलतो. तणावा त्याला खाली आणि बाहेर ओढतो. या दोन विरुद्ध ओढींच्या समतोलावर तंबू उभा असतो. म्हणून मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूस कललेली ठोकतात; सरळ ठोकलेली मेख लवकर उपटली जाते. ताग-सुताचा दोर भिजला की आखडतो. रात्री पाऊस झाला आणि तणावे कोणी सैल केले नाहीत, तर दोर स्वतःच मेखा उपटतो किंवा कापड फाडतो. त्यामुळे फर्राशाचे काम तंबू उभारून संपत नसे. तेथून ते सुरू होई.

९/ इतके अगणित डेरे उभे राहिले. मग संग्रहालयांत ते का दिसत नाहीत? कापड टिकत नाही, हे त्याचे साधे उत्तर. ओलसर घडी केलेल्या सुती कापडाला बुरशी लागते, घडीच्या रेषेवर धागे कुजतात, उंदीर आणि वाळवी उरलेले काम पूर्ण करतात. जे थोडे वाचले ते कोरड्या जागी जपले गेले म्हणून: जोधपूरच्या मेहरानगडावरील मखमली ‘लाल डेरा’, किंवा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर इंग्रजांच्या हाती लागून आज वेल्समधील पॉविस किल्ल्यात असलेला टिपू सुलतानाचा छापील सुती तंबू. साठवणुकीची जागा हा तंबूच्या आयुष्यातील निर्णायक घटक आहे, हे या दोन उदाहरणांवरून कळते.

१०/ ‘छावणी’ हा शब्दही येथे उलगडतो. ‘छावणे’ म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यात शक्य तितक्या परत फिरत. परत येणे जमले नाही, तर पावसाळ्यापुरती छप्परे शाकारून मुक्काम करीत. तीच छावणी. सुती तंबूच्या भरवशावर मुसळधार पावसाचे चार महिने काढता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. रावेतच्या शेजारी असलेल्या देहूरोडला आपण आज ‘छावणी’ म्हणतो, तेव्हा त्या जुन्या पावसाळी व्यवस्थेचाच शब्द वापरतो.

११/ या नियमाला एक ठळक अपवाद आहे: वारी. ती निघतेच ज्येष्ठात आणि चालते पावसात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला लष्करी शिस्तीचे रूप दिले. त्यात अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व आणि तंबू पुरवण्याची सेवा स्वीकारली. ती परंपरा अद्याप चालू आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की रावेतच्या शेजारच्या आकुर्डीत विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. दिंड्यांचे तंबू घेऊन गाड्या पुढे जातात, पालखी पोहोचण्यापूर्वी तळावर राहुट्या उभ्या असतात. पेशखान्याची पद्धत, बादशहाविना.

१२/ आता खेळांकडे वळू. १८७९ मध्ये इटलीच्या ज्युसेप्पे कियारिनीची सर्कस हिंदुस्थानात आली. कुरुंदवाड संस्थानात अश्वविद्येचे तज्ज्ञ असलेले विष्णुपंत छत्रे तिच्यामुळे ईर्षेला पेटले आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईत त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. भारतीय सर्कशीचा आरंभ येथून मानला जातो. पुढे म्हैसाळ, तासगाव या सांगली भागातील गावांतून अनेक सर्कशी निघाल्या. फौजेच्या आणि दरबाराच्या तंबूने आता प्रेक्षकांना आपल्या छायेत घेतले.

१३/ या बदलाचे मर्म छतात नाही, कनातीत आहे. उघड्या मैदानातील खेळ कोणालाही फुकट पाहता येतो. कलावंताचे पोट भरायचे तर राजा, जमीनदार किंवा गावकी यांच्या बिदागीवर अवलंबून राहावे लागते. कापडाची भिंत उभी केली आणि तिला एक दार ठेवले, की दारावर तिकीट लावता येते. राजाश्रय आटत असताना महाराष्ट्रातील सर्कस, चित्रपट आणि तमाशा या तिन्ही धंद्यांना स्वतःच्या पायावर उभे राहण्याची संधी कनातीने दिली. म्हणून तंबू टिकणे हा या लोकांसाठी हौसेचा नव्हे, उपजीविकेचा प्रश्न होता.

१४/ चित्रपटाचे उदाहरण बोलके आहे. सुरतेचे अब्दुलअली युसुफअली १९०१ पासून सिंगापूर, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, सिलोन येथे आणि १९०८ पासून हिंदुस्थानात तंबूतून चित्रपट दाखवत फिरले. त्यांचा तंबू १०० फूट लांब, ५० फूट रुंद, चार खांबांवर उभा आणि हजार प्रेक्षक सामावणारा होता. १९१४ मध्ये ते मुंबईत स्थिरावले आणि अर्देशीर इराणींचे भागीदार झाले. त्याच भागीदारीतील मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ झळकला. पक्क्या चित्रपटगृहाचा पाया असा तंबूत घातला गेला होता.

१५/ गावोगावच्या जत्रांत मात्र तंबू शतकभर टिकला. टुरिंग टॉकीजचा ट्रक जत्रेच्या माळावर लागायचा, मागच्या भागात प्रक्षेपक, समोर पांढरा पडदा, भोवती तंबू. २०१६ मध्ये ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटांचे अखेरचे दिवस टिपले आणि कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. यंत्रे गंजली, रिळे गेली, डिजिटल प्रक्षेपण आले. तंबू फाटला तरी ठिगळ लावता येत होते, प्रेक्षकच घरच्या पडद्याकडे वळले.

१६/ चाकणहून नाशिकच्या रस्त्याला लागले की पुढे नारायणगाव येते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीत फडाचा व्यवस्थापक बसतो. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, घासाघीस करून सुपारी देतात. सुपारीचा तमाशा गावाने पैसे मोजलेला, म्हणून सर्वांसाठी खुला. तिकिटावरचा तमाशा मात्र तंबूत. मोठ्या फडात कलावंत, वादक, मजूर, स्वयंपाकी धरून शंभराच्या घरात माणसे असतात. त्यांची चूल दारावरच्या गल्ल्यावर पेटते.

१७/ फडांचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. मराठी फौजांच्या मोहिमांचे पंचांग हेच होते, आणि कारणही एकच: पाऊस. तरीही हंगामाचा शेवट धोक्याचा असतो. चैत्र-वैशाख हा जत्रांचा भर, आणि तोच वळवाच्या पावसाचा काळ. दिवसभर तापलेल्या जमिनीवर ढग चढतात, संध्याकाळी अचानक वावटळ सुटते, आणि पावसाच्या आधी वारा येतो. खेळाची वेळ आणि वळवाची वेळ एकच. त्या क्षणी खेळ थांबवायचा की रेटायचा, हा निर्णय घेणाऱ्याच्या एका बाजूला रात्रीचा गल्ला असतो आणि दुसऱ्या बाजूला आत बसलेली माणसे.

१८/ २३ जून २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात, जसोल येथे रामकथा चालू असताना वादळ आले आणि मंडप कोसळला. चौदा भाविकांचा मृत्यू झाला. तेथे कोसळणाऱ्या छताबरोबर विजेचा धक्काही प्राणघातक ठरला. तंबूत ओले कापड, लोखंडी खांब आणि विजेच्या तारा एकत्र येतात. यांतील एक गोष्ट ढळली की उरलेल्या दोन्ही घातक होतात. वारा वाढताच आधी माणसे बाहेर आणि वीज बंद, हा क्रम त्यासाठीच.

१९/ दुसरा शत्रू आग. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड येथे रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि किमान १६७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुले पुष्कळ होती. तो तंबू पाणी गळू नये म्हणून मुद्दाम लेपलेला होता: सुमारे १,८०० पौंड पॅराफिन मेण सुमारे ६,००० गॅलन पेट्रोलमध्ये विरघळवून. पावसावरचा उपाय आगीला आमंत्रण ठरला. कापड निवडताना एकाच गुणाकडे पाहिले की काय होते, याचे हे इतिहासातील सर्वांत दुःखद उदाहरण.

२०/ भारतातील उदाहरण अधिक जवळचे आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाच्या मंडपाला आग लागली. छत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे होते. ते वितळून जळते थेंब खाली बसलेल्यांवर पडले. बाहेर पडायला वाट अपुरी होती. चारशेहून अधिक जण गेले, बहुतांश मुले आणि महिला. तात्पुरत्या मंडपांतील अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ८७५८ तेव्हाही अस्तित्वात होते. मानक कागदावर असते. ते पाळायचे की नाही, हे मंडप घालणारा आणि घालून घेणारा ठरवतो.

२१/ कापडाचा इतिहासही तसाच देवाणघेवाणीचा आहे. जाड सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात, विणीतील छिद्रे मिटतात आणि पाणी बऱ्याच अंशी अडते. परंतु तो जड होतो आणि सुकायला दिवस लागतो. जहाजांवर डांबर लावलेले कापड वापरत. त्याच्या ‘टारपॉलिन’ या इंग्रजी नावाचे मराठी जिभेने ताडाच्या पानाशी नाते जुळवले आणि ‘ताडपत्री’ हा शब्द घडवला. पुढे प्लास्टिकचा लेप दिलेले पॉलिएस्टर आले: हलके, न कुजणारे, पाणी अडवणारे. त्याचे शत्रू वेगळे आहेत. ऊन त्याचे धागे ठिसूळ करते, घडीवर लेप फाटतो आणि ठिणगी लागली की ते वितळते.

२२/ आता आजची कॅनोपी. कात्रीसारख्या एकमेकींत अडकलेल्या पट्ट्यांचा सांगाडा, जो ओढला की उघडतो आणि ढकलला की मिटतो, तो १९८० च्या दशकात अमेरिकेत बाजारात रुळला. हजार फर्राशांचे आठवड्याचे काम दोन माणसे दोन मिनिटांत करू लागली, अर्थात फार लहान मापात. या सोयीची एक किंमत होती. सांगाडा स्वतःच्या पायांवर उभा राहतो, म्हणून तणाव्यांची आणि मेखांची गरज नाही, असा समज पसरला. संताजीच्या कथेतील तणावे कोणी तोडले तरी होते. येथे ते बांधलेच जात नाहीत.

२३/ हिशेब पाहावा. भारतीय मानक ८७५ नुसार वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० फूट बाय १० फुटांच्या छताचे क्षेत्रफळ सुमारे ९.३ चौरस मीटर. संपूर्ण दाब छताला उचलतो असे धरल्यास ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात सुमारे ७० किलो, ६० किलोमीटरला सुमारे १६० किलो आणि ८० किलोमीटरला सुमारे २८० किलो वजनाइतकी उचल बसते. वेग दुप्पट, तर जोर चौपट. सांगाड्याचे स्वतःचे वजन साधारण २० ते ३० किलो. चारही पायांना २० लिटरचा एकेक पाण्याचा कॅन बांधला तर आणखी ८० किलो. म्हणजे ४० च्या वाऱ्यात कॅनोपी राहील. ६० च्या वाऱ्यात राहणार नाही.

२४/ रावेतसारख्या नव्या उपनगरात ही अडचण अधिक आहे. तेथील मोकळ्या जागा काँक्रीटच्या, डांबराच्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या. मेख ठोकायला माती नाही. म्हणून वजन हाच मेखेचा पर्याय, आणि ते पायाच्या तळाशी नुसते टेकवून नव्हे, तर वरच्या कोपऱ्यापासून खाली पट्ट्याने ताणून बांधलेले हवे. हा पट्टा म्हणजेच तणावा. जेथे माती आहे तेथे मेख आणि तणावा यांना आजही तोड नाही. कॅनोपीला बाजूच्या कनाती लावल्या तर त्या शिडासारख्या वारा धरतात. त्या लावायच्या तर वजन वाढवायचे, अन्यथा वारा सुटताच आधी कनाती काढायच्या.

२५/ टिकाऊ कॅनोपी निवडताना फरासखान्याचे जुने प्रश्नच विचारावेत. सांगाडा कशाचा? लोखंडी स्वस्त आणि जड, पण सांध्यांवर रंग खरवडला की तेथून गंज धरतो. ॲल्युमिनिअमचा गंजत नाही, आणि त्याचे षट्कोनी जाड पाय पिळाला अधिक दाद देत नाहीत. सांधे प्लास्टिकचे की धातूचे? तुटतात ते बहुधा सांधे. एक पट्टी किंवा एक सांधा सुटा मिळतो का? मिळत नसेल, तर एका खिळ्यापायी संपूर्ण तंबू भंगारात जातो. कापड पाणी अडवते, हे पुरेसे नाही. ते आग पसरू देत नाही, याचे प्रमाणपत्र आहे का? हार्टफर्ड आणि डबवाली यांनी हा प्रश्न सर्वांत वर आणून ठेवला आहे.

२६/ निगा राखण्याचे नियमही जुनेच. ओले कापड घडी करू नये. नाइलाजाने केलेच तर घरी पोहोचताच उलगडून सावलीत वाळवावे. घडी दर वेळी त्याच रेषेवर घालू नये. धुताना साधे पाणी आणि मऊ ब्रश वापरावा. तीव्र साबण लेप काढून टाकतो. सांध्यांतील माती काढावी, खिळे-बोल्ट तपासावेत, शिवणीतील लहान भोक त्याच दिवशी बुजवावे. पावसात छतावर पाणी साचू देऊ नये: एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि ते नेमके सांगाड्याच्या कमकुवत मध्यावर. चहा-वड्याची शेगडी छताखाली नको. आणि रात्री कॅनोपी उभी सोडून घरी जाऊ नये.

२७/ सर्वांत कठीण नियम मात्र कापडाचा वा लोखंडाचा नाही. तो निर्णयाचा आहे. फडाचा अनुभवी व्यवस्थापक आभाळाकडे पाहून खेळ थांबवतो, तेव्हा तो गल्ल्यावर पाणी सोडतो. वारीच्या तळावर वारा सुटला की माणसे राहुटीबाहेर येऊन दोर धरतात. मराठी फौजा पावसाळ्यात मोहीम आवरत. यातले कोणी भित्रे नव्हते. कापडाची मर्यादा कोठे संपते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून कळले होते, आणि त्या मर्यादेपलीकडे तंबू वाचवायचा नसतो, माणसे वाचवायची असतात.

२८/ दोन मिनिटांत उघडणारी कॅनोपी दोन मिनिटांत मिटवताही येते. अकबराच्या बारगाहला, अब्दुलअलींच्या चार खांबी तंबूला, नारायणगावच्या फडाला ही सोय कधीच नव्हती. रावेतच्या रस्त्यावर एप्रिलच्या एखाद्या संध्याकाळी धूळ उठू लागते, ढग काळवंडतात आणि पावसाच्या आधीचा तो पहिला गार झोत येतो, तेव्हा या सोयीचा उपयोग करण्याची वेळ झालेली असते.

(धागा समाप्त)